पंचेचाळिशीतली जुनी मोटारसायकल

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरी, अहिल्याबाई, नाट्यसंगीत आणि मधुमेह या विषयांवर व्याख्यानं झाली. मोटारसायकलवर बहुधा हे पहिलंच. सचिवांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितला, ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "वीस मिनिटांच्या वर जाऊ नका." तेव्हा वेळ न घालवता सुरू करतो.

आम्ही म्हणजे तिघं. तिघंही इंदूरचेच, तिघांच्याही पणजोबांनी कधीतरी होळकरांच्या दरबारी कागद खरडलेले. एक मास्तर, सरकारी शाळेत. एक बँकवाले. आणि तिसरा राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री, रस्त्यांच्या कामावर, तो आत्ता माइकसमोर उभा आहे. रस्त्यांबद्दलच्या तक्रारी कृपया आरतीनंतर सांगाव्यात.

तिघांनी 1996 ते 1999 पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला. मास्तरांनी पुढे विषय बदलला, बँकवाल्यांनी परीक्षा दिली, तो भाग सोडू. त्या वेळी गाडी म्हणजे आरएक्स शंभर, तीही चौथ्या-पाचव्या मालकाकडून घेतलेली. 1999 मध्ये सीबीझेड आली तेव्हा राजवाड्यावर उभी असलेली पहिली सीबीझेड बघायला आम्ही वर्ग बुडवून गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी पाच वाजता निघायचं, महू, जाम दरवाजा, घाट उतरून मंडलेश्वर, महेश्वर. नर्मदेत डुबकी, पोहे, परत. खिशात शंभर रुपये आणि त्यातलं निम्मं पेट्रोल.

मग आम्ही थांबलो. लग्नं, बदल्या, मुलं ही कारणं सगळ्यांना सांगितली. ती खोटी नाहीत. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं भाषण म्हणजे नुसती खरेदीची यादी होईल. ज्यांची परवानगी घ्यायला हवी होती त्यांची घेतली आहे. ते समोर दुसऱ्या रांगेत बसले आहेत.

तेव्हा आम्ही चार होतो.

चौथ्याला 2002 मध्ये पहिली नोकरी लागली. त्याने जुनी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं आणि ती पसंत करायला आम्ही चौघं गेलो. गाडीचं नाव सांगत नाही, दोष गाडीचा होता असं कुणी सिद्ध केलेलं नाही. बावीस हजार रुपये. आम्ही ती गाडी किती वेळ बघितली? वीस मिनिटं. टाकीची चमक बघितली, आवाज ऐकला, एकाने चक्कर मारून आणली आणि म्हणाला, "उचलते यार." झाला सौदा. डिप्लोमा इंजिनियर होतो सगळे. शाफ्ट, बेअरिंग, घर्षण सगळं शिकून, पास होऊन बसलेले.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात ओंकारेश्वरहून परत येताना भेरू घाटात एका वळणावर त्याचं पुढचं चाक सरकलं. समोरून ट्रक येत होता. आम्ही मागे होतो, दोन वळणं मागे.

नंतर चौकीत उभी केलेली ती गाडी बघितली, तेव्हा पहिल्यांदा आम्ही वाकून तिचं टायर बघितलं. नक्षी शिल्लक होती, पण दोन्ही कडांना बारीक भेगा, वाळलेल्या तळ्यासारख्या. रबर लाकडासारखं कडक. त्या टायरनेच झालं असं कुणी म्हणालं नाही, आम्हीही म्हणत नाही. पाऊस होता, उतार होता, डिझेल सांडलेलं असेल. पण ते टायर गाडी घेतली त्या दिवशीही तसंच होतं आणि आम्ही चौघांपैकी एकानेही ते बघितलं नव्हतं. त्यानंतर तिघांनीही गाड्या विकल्या. कुणी कुणाला विचारलं नाही.

वीस वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडी चालवायचात? खोटं." मास्तरांनी ते फार मनाला लावून घेतलं. चहावर विषय निघाला, मग निघतच राहिला. घरच्यांचं काय झालं ते विचारू नका. बँकवाल्यांच्या वहिनी म्हणाल्या, "घ्या, पण विम्याची पॉलिसी आधी माझ्या हातात द्या." रस्तेवाल्याच्या घरात तीन आठवडे या विषयावर शांतता पाळण्यात आली.

गाडी कुठली, यावर मात्र तिघांचं एकमत होतं. आता ज्याला अ‍ॅडव्हेंचर म्हणतात ती. उंच, पुढचं चाक मोठं, स्प्रिंगचा झोल लांब, बसायला ताठ. पोरं म्हणतात ही लडाखला जायची गाडी. आम्हाला लडाख नको. पण पंचेचाळिशीत कंबर वाकवून बसणं जमत नाही, आणि माळव्यातल्या गावरस्त्यांवर पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते, डांबर संपतं तिथे एकदम पायरी लागते. एकवीस इंची चाक अशा पायरीवरून सहज वर चढतं, सतरा इंची अडखळतं. हे भूमितीचं काम आहे, त्यात शौक नाही. आणि नवी न घेता जुनी का? कारण वीस वर्षांनी परत बसणारा माणूस पहिल्या सहा महिन्यांत गाडी एकदा तरी पाडतोच. नवी पाडली की जास्त लागतं, गुडघ्याला नाही, दुसरीकडे.

एक गोष्ट आम्ही आधीच केली, ती न विसरता सांगतो. लायसन्स बघितलं. मास्तरांचं लायसन्स 1998 चं, वीस वर्षांच्या मुदतीचं. 2018 मध्ये संपलेलं. शाळा घरामागे, बाजारहाट वहिनींच्या मागे बसून, म्हणून त्यांना पत्ताच नाही. मुदत संपून वर्षाच्या वर गेलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. दुसऱ्यांना गुण देणारे मास्तर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहून आठचा आकडा काढून आले. पहिल्या फेरीत पाय टेकला. दुसऱ्यांदा पास.

मग शोध सुरू झाला. आम्ही तीन महिने दर रविवारी गाड्या बघितल्या. इंदूर, देवास, उज्जैन, एकदा भोपाळ.

सुरुवातीला आम्ही पुन्हा तीच चूक करत होतो, म्हणजे गाडीची ताकद वाचत होतो. तिसऱ्या रविवारी अक्कल आली. केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर बघायला गेलो होतो. 2020 मध्ये आलेली गाडी, त्रेचाळीस अश्वशक्ती, बघूनच छातीत धडधडतं. सीटची उंची 855 मिलिमीटर. मास्तर पाच फूट चार. ते चढले, दोन्ही पायांचे अंगठे जमिनीला लागले, चेहऱ्यावर तेज आलं, आणि उभ्या जागी गाडी हळूहळू डावीकडे कलली. एका मर्यादेनंतर ती थांबवता येत नाही. मास्तर गाडीसकट फुटपाथवर. गाडीचा मालक चांगला माणूस, म्हणाला, "कोई बात नी भिया, होता है." आरशाचे पैसे आम्ही दिले.

त्या दिवसापासून आम्ही इंजिनचे आकडे वहीत खाली लिहायला लागलो आणि दोन आकडे वर: सीटची उंची आणि वजन. पाठ भिंतीला लावून, पायांच्या मध्ये पुस्तक वर दाबून धरून प्रत्येकाच्या पायाची आतली उंची मोजली. मोजमापाची सवय कामी आली. आणि लक्षात आलं की हे दोन आकडे एकमेकांशी भांडतात. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, 2016 ते 2023 मधली 411 सीसीची, तिची सीट 800 मिलिमीटर, म्हणजे या जातीत बुटकी, बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतात. पण भारत स्टेज सहाची गाडी 199 किलोची. पडली तर? हिरोची एक्सपल्स 200 उंचीला 823, पण वजन 157. ती कलली तर मांडीने धरता येते. चाळीस किलोचा फरक शोरूममध्ये कळत नाही, चढावर वळवून घेताना कळतो.

पडलेली गाडी उचलायची कशी तेही शिकलो. समोरून वाकून उचलायची नाही, मणका जातो. पाठ सीटला लावायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा लोखंडी भाग धरायचा, गुडघे वाकवायचे आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर सरळ करायची. गियरमध्ये असावी, नाहीतर सरकते. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवावा, नाहीतर उचलण्याच्या भरात ती पलीकडे पडते. हे आम्ही घराजवळच्या मैदानात गाद्या टाकून करून बघितलं. कॉलनीतले लोक बघत होते. काहींनी व्हिडिओ काढला.

आता खरी कहाणी. सहाव्या रविवारी एक गाडी सापडली. कंपनी सांगत नाही, दोष तिचा नव्हता. मालक तरुण, मीटरवर अकरा हजार किलोमीटर, किंमत इतकी कमी की बँकवाल्यांनी तिथेच टोकन द्यायला फोन काढला. "गाडी एकदम मक्खन है." क्रॅश गार्ड नवाकोरा, पाण्याची पाटी नवीकोरी.

रस्तेवाल्याला नवीकोरी गोष्ट दिसली की संशय येतो, हा नोकरीचा परिणाम. पायठेवणीचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, मागच्या ब्रेकच्या पेडलची कड झिजलेली. अकरा हजारांत इतकं? हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं की जिथे अडतं, तो चेसिसवरचा ठोकळा असतो. तो दबलेला होता. पडताना हँडल जोरात आपटल्याशिवाय तो दबत नाही. मग आम्ही सूत काढलं. सूत म्हणजे साइटवर विटांच्या रेषेला लावतात तो दोरा, गाडीत असतोच. आधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघून घेतलं, कारण साखळी ताणताना चाक वाकडं बसवलं असेल तर उगाच चेसिसवर आळ येतो. खुणा सारख्या होत्या. मग मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सूत टेकवून पुढे ताणलं, पुढचं चाक सरळ धरलं. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं यायला हवं. इथे एका बाजूला बोटभर जास्त. तरुण म्हणाला, "भिया, गाडी लेने आए हो कि मकान बनाने?"

आम्ही परत आलो. गाडीत कुणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "त्याचीही आपण अशी बघितली असती तर?" इतकंच. वीस वर्षांत त्याचा विषय तिघांत पहिल्यांदा निघाला.

त्या संध्याकाळी आम्ही काकांकडे गेलो. चौथ्याचे वडील. काका आयुष्यभर कापड गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर घरी बसून शिलाई मशीन आणि पंखे दुरुस्त करत. दर दिवाळीला आम्ही पाया पडायला जातो, पण मोटारसायकलचा शब्द त्या घरात कधी काढला नव्हता. आम्ही पुन्हा गाडी घेतोय हे त्यांना दुसऱ्याकडून कळू नये, एवढाच हेतू. सांगायला सुरुवात केली आणि काकूंनी पाणी आणायच्या निमित्ताने आत जाणं पसंत केलं. काका ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. घरात फिटर बसलेला होता."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मग म्हणाले, "पुढची गाडी बघायला जाल तेव्हा मला घेऊन चला."

काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन रविवारांनी देवासला गेलो, काका पुढच्या सीटवर, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत एक लांब पेचकस, एक छोटी विजेरी, जुनं बनियन फाडून केलेलं फडकं आणि काकूंनी दिलेला डबा.

गाडी एक्सपल्स 200, 2021 ची, सतरा हजार चारशे किलोमीटर. मालक मुलगा बेंगळुरूला नोकरीसाठी निघालेला, सर्व्हिसची सगळी बिलं प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावलेली. आम्ही आनंदलो. काकांनी बिलांकडे बघितलंच नाही. आधी उलटा हात इंजिनला लावला. "गार आहे. बरं." जुनी गाडी दाखवताना कुणी आधीच तापवून ठेवली असेल तर समजावं, गार इंजिन सुरू व्हायला त्रास देतंय किंवा सुरू होताना काहीतरी बोलतंय. मग टायर. कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. हे आम्ही वाचलेलं होतं, सांगायला पुढे झालो. काकांनी हात वर करून थांबवलं आणि विजेरी लावून कडेच्या रबरावर नख दाबत पूर्ण चाक फिरवून बघितलं. पुढचं. मग मागचं. त्याला किती वेळ लागला सांगता येणार नाही. आम्ही तिघंही जमिनीकडे बघत उभे होतो.

त्यानंतर काका थोडे मोकळे झाले. तेल भरायचं झाकण उघडायला लावलं, आतल्या बाजूला बोट फिरवलं. तिथे ताकासारखा पांढरट फेस असला तर तेलात पाणी गेलेलं असतं, नदी-नाल्यातून गाडी घातलेली असू शकते. साखळी मागच्या चक्राच्या शेवटच्या टोकाला धरून बाहेर ओढली. चक्राचा अर्धा दात उघडा दिसला तर साखळी आणि दोन्ही चक्रं तिघं मिळून बदलायची, एकटी साखळी बदलली तर नवी साखळी जुने दात खातात. आरे पेचकसाने एकेक टिचकून बघितले. ताणलेला आरा टणकन वाजतो, सैल असलेला बदबद. पुढच्या दांड्यांवर फडकं फिरवून तेल गळतंय का बघितलं. गाडी सुरू केली, पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं. मुलगा बघतच राहिला.

"आता पुढचं चाक उचला," काका म्हणाले. खाली लाकडी ठोकळा घातला, मागे दोघं दाबून बसले. काकांनी एका बोटाने हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं. मधोमध थांबले. पुन्हा नेलं. आमचं बोट तिथे ठेवायला लावलं. सरळ रेषेत आलं की हँडल किंचित अडखळून एका खाचेत बसल्यासारखं होत होतं. "खटका आहे. मुंडीचं बेअरिंग गेलंय. सरळ रस्त्यावर कळणार नाही, वळणावर कळेल."

वळणावर हा शब्द बोलून ते थांबले.

आम्हाला वाटलं, संपलं, चला परत. काका म्हणाले, "गाडी चांगली आहे. बेअरिंग बदलायला लावा किंवा पैसे कमी करायला सांगा. दुखणं कळलेली गाडी घ्यावी. काहीच दुखत नाही म्हणते तिची भीती." मुलाने बेअरिंगचे, साखळीचे आणि दोन्ही टायरचे मिळून पैसे कमी केले. टायर तसे बरे होते, पण ते बदलायचे हे आम्ही आधीच ठरवलं होतं. गाडी एक लाखाच्या आत पडली. दुरुस्तीला म्हणून किमतीच्या सुमारे पंधरा टक्के रक्कम आम्ही वेगळी ठेवली होती, ती जवळजवळ सगळी लागली. जुन्या गाडीची किंमत म्हणजे जाहिरातीतला आकडा नसतो, हा आणि तो मिळून असते.

कागदांचं काम बँकवाल्यांनी केलं, तेवढ्यापुरता त्यांचा भाव वाढला. गाडीच्या नंबरावरून सरकारी परिवहन अ‍ॅपवर आरसी, विमा, कर्जाचा बोजा, बाकी चलन सगळं बघता येतं. चेसिसवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवून घ्यावा. कर्ज फिटलं असं मालक म्हणतो, पण आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. पुण्या-मुंबईची गाडी स्वस्त दिसते, पण दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथलं ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म 28, आणि इथला कर पुन्हा, तो हिशेब आधी करावा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवायचं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही. आणि इथे कुणी जुनी गाडी विकत असेल तर त्यांनीही ऐकावं: नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. म्हणजे विकलेल्या गाडीने अपघात केला आणि नाव बदललेलं नसेल, तर नोटीस तुमच्या दारात.

बँकवाल्यांनी स्वतःसाठी पुढच्या महिन्यात हिमालयन घेतली, 2020 नंतरची, मागचं एबीएस बंद करता येणारी. ते अंगाने आडवे आहेत, त्यांना वजनाचं काही वाटत नाही. एबीएस असलेलीच घ्या, हा मात्र तिघांचा हट्ट. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. आमची सवय आरएक्सच्या ड्रम ब्रेकची, घाबरलं की मागचा पाय दाबायचा. मैदानात नारळाच्या करवंट्या मांडून तीन रविवार नुसतं पुढच्या ब्रेकने थांबायचा आणि हळू वळायचा सराव केला. डोळे तपासून घेतले, बँकवाल्यांना दूरचा नंबर निघाला, वीस वर्षं कारच्या काचेतून सगळं धूसर बघत होते आणि म्हणत होते इंदुरात धूळ फार.

मास्तरांनी गाडी घेतली नाही. लायसन्स काढलं, मोजमाप केलं, बारा गाड्या बघितल्या, आणि शेवटी म्हणाले, "मला चालवायची नाहीये, हे मला चालवून बघितल्यावर कळलं." आम्ही त्यांना काही बोललो नाही. ते कारने मागून येतात, डबे आणि पंक्चरचं सामान त्यांच्याकडे. मुलाला आठचा आकडा मात्र काढून दाखवला.

पहिली लांब चक्कर डिसेंबरात, जुन्याच वाटेने. महू, जाम दरवाजा. दरवाज्याच्या खाली निमाड पसरलेलं, धुकं उतरत होतं. काका मास्तरांच्या गाडीत होते. त्यांनी कधीच तो दरवाजा बघितला नव्हता, आयुष्य इंदुरात गेलं, पण गिरणी, पाळी आणि घर. मुलगा दर महिन्याला इथे यायचा हे त्यांना ऐकून माहीत होतं. ते कठड्याशी बराच वेळ उभे होते. मग गाडीजवळ आले, खाली वाकून पुढच्या टायरला अंगठा लावला आणि म्हणाले, "हवा थोडी जास्त आहे. घाट उतरायच्या आधी कमी करा."

खंडवा रोडने ओंकारेश्वरला अजून गेलो नाही. काकू म्हणाल्या आहेत, जायचं तेव्हा सांगून जा. तसं ठरलं आहे.

आता गाडीचे साडेसहा हजार किलोमीटर आमच्या हातून झाले. एकदा पडली, उभ्या जागी, आमच्याच गेटसमोर, कॉलनीतल्या त्याच प्रेक्षकांसमोर. उचलायची पद्धत उपयोगी पडली. गाडी बघायला जायचं असेल तर मंडळातल्या कुणीही सांगावं, सूत आमच्याकडे आहे, पेचकस काकांकडे. आत्तापर्यंत मंडळातल्या तीन पोरांच्या गाड्या काकांनी बघून दिल्या, त्यातल्या दोन नापास केल्या. ती दोन पोरं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत, मागच्या रांगेत उभी आहेत.

सचिव घड्याळ दाखवताहेत. पुढच्या रविवारी साखळी बदलायची आहे, काकांनी सकाळी आठची वेळ दिली आहे. कुणाला बघायची असेल त्यांनी साडेसातला यावं, पोहे आमच्याकडे.